लॅपटॉप घेण्याआधी प्रोसेसर वाचायला शिका: खान्देशातल्या नव्या ग्राहकांसाठी

बारावीचा निकाल लागला, की शिरपूर, साक्री, रावेर, यावल, चाळीसगाव अशा गावांतून आईवडील मुलांना घेऊन धुळ्याला नाहीतर जळगावला लॅपटॉप बघायला निघतात. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, आय३ की आय५? समोरून उत्तर येतं, "आय५ शे भाऊ, डोया झाकीसन लई ल्या." तेवढ्यावर घरातल्या कष्टाच्या पैशांचा निर्णय होऊन जातो.

मी अमळनेर तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीक विमा, महाडीबीटीचे शिष्यवृत्ती अर्ज ही रोजची कामं. केंद्रासाठी आणि नात्यातल्या मुलांसाठी यंत्रं निवडताना जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. स्टिकरवरचं नाव सगळ्यात शेवटी बघायचं. आधी पूर्ण मॉडेल क्रमांक, मग वॅट, मग रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी. विहिरीवरची मोटर घेताना आपण आधी एचपी विचारतो आणि मग कंपनी, तसंच इथेही करायचं.

हा लेख कमी विजेवर चालणाऱ्या प्रोसेसरबद्दल आहे, म्हणजे साधारण ६ ते १५ वॅटचे. अभ्यास, ऑनलाइन वर्ग, टायपिंग, टॅली, फॉर्म भरणं, सुरुवातीचं प्रोग्रामिंग यासाठी लागणारे बहुतेक लॅपटॉप याच गटात येतात. मोठे गेम किंवा व्हिडिओ एडिटिंगचा धंदा करायचा असेल तर तुमचा शोध वेगळा आहे.

सोबत काय न्यायचं

- इंटरनेट चालू असलेला मोबाइल. दुकानात उभं राहून क्रमांक तपासायला तो लागणारच.
- पेन ड्राइव्ह. त्यात सीपीयू-झेड आणि एचडब्ल्यूइन्फो हे प्रोसेसरची चाचणी घेणारे आणि तापमान दाखवणारे दोन मोफत प्रोग्राम घरूनच टाकून न्या.
- वही आणि पेन. चार यंत्रं बघितली की आकडे डोक्यात राहत नाहीत.
- मुलाच्या कॉलेजने संगणकाबद्दल काही अट घातली असेल तर तो कागद.
- जुना लॅपटॉप घेत असाल तर विक्रेत्याकडून मूळ बिलाची प्रत. ती बघायला मिळेल का, हे फोनवरच विचारा.

पायरी १: पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या

"आय५ आहे" हे उत्तर घेऊ नका. यंत्र चालू करायला सांगा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात पूर्ण नाव दिसतं, उदाहरणार्थ आय५-८२५०यू किंवा रायझन ५ ७५२०यू. हे नाव जसंच्या तसं वहीत उतरवा आणि मोबाइलवर इंटेलच्या किंवा एएमडीच्या संकेतस्थळावर शोधा. दोन्ही कंपन्या प्रत्येक मॉडेलचं पूर्ण माहितीपत्रक मोफत देतात. इंटेलच्या यादीला आर्क म्हणतात.

यंत्र चालू न करता फक्त खोका दाखवणाऱ्या ठिकाणी मी तरी थांबत नाही.

पायरी २: क्रमांक उलगडा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण फसगत इथेच होते.

इंटेलच्या जुन्या पद्धतीत आय३, आय५, आय७ नंतरचे पहिले अंक पिढी सांगतात. आय५-७२००यू सातव्या पिढीचा, आय५-८२५०यू आठव्या पिढीचा, आय५-१२३५यू बाराव्या पिढीचा. शेवटचं, कधीकधी मधलं, अक्षर ताकदीचा गट सांगतं. यू म्हणजे साधारण १५ वॅटचा, एच म्हणजे ४५ वॅटच्या आसपासचा जड गट, वाय म्हणजे फार पातळ यंत्रांसाठीचा, अगदी कमी वॅटचा. वायकडे खास लक्ष द्या. आय५-७वाय५४ हासुद्धा आय५ म्हणूनच विकला गेला, पण तो ४.५ वॅटचा आहे. स्टिकरवर हा वाय कुठेच मोठ्या अक्षरात दिसत नाही.

नाव तेच आणि ताकद वेगळी, याचं उत्तम उदाहरण सातव्या आणि आठव्या पिढीत सापडतं. आय५-७२००यू मध्ये २ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि ४ थ्रेड (एकावेळी हाताळता येणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत. २०१७ मध्ये आलेल्या आय५-८२५०यू मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड आहेत. दोन्ही १५ वॅटचे, दोन्ही आय५. जुन्या बाजारात कित्येकदा हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे पाचव्या पिढीचा आय७-५५००यू. नावात आय७ असूनही कोअर २ आणि थ्रेड ४ एवढेच. जुना आय७ नव्या आय३ पेक्षा सरस असतो, हा समज डोक्यातून काढून टाका.

आता एन अक्षर. एन४०२०, एन१००, आय३-एन३०५ ही नावं स्वस्त यंत्रांवर सतत दिसतात. एन१०० हा २०२३ च्या सुरुवातीला आला. त्यात ४ कोअर, ४ थ्रेड, ६ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे आणि वेग ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. त्याचे सगळे कोअर कमी वीज खाणारे, म्हणजे ई कोअर आहेत. आय३-एन३०५ मध्ये असे ८ ई कोअर आहेत. उलट आय३-१२१५यू मध्ये २ जोरदार पी कोअर आणि ४ ई कोअर आहेत. दोन्हींवर आय३ लिहिलेलं असतं. कोअर मोजले तर पहिला मोठा वाटतो, पण एक्सेलची जड फाइल किंवा ब्राउझरमधलं पान उघडताना आपल्याला जो झटपटपणा जाणवतो तो पी कोअरमुळे, म्हणून मी दुसरा घेईन.

२०२३ पासून इंटेलने लॅपटॉपवरची पेंटियम आणि सेलेरॉन ही नावं बंद करून नुसतं 'इंटेल प्रोसेसर' लिहायला सुरुवात केली. त्यामुळे खोक्यावर फक्त 'इंटेल प्रोसेसर' असेल तर ते याच एन कुळातलं यंत्र आहे असं धरून पुढे चला आणि क्रमांक तपासा. त्यानंतर आय हे अक्षरही गेलं. आता कोअर ३, कोअर ५, कोअर अल्ट्रा ५ अशी नावं दिसतात. तिथेही शेवटी यू आहे का, आणि मध्ये एन शिरलाय का, एवढं बघितलं तरी निम्मं काम होतं.

एएमडीची गंमत वेगळी. रायझन ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तिसरा अंक आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा अंक २, म्हणजे रचना झेन २. ७५३०यू मध्ये तिसरा अंक ३, म्हणजे झेन ३. पहिल्यात ४ कोअर, ८ थ्रेड आणि ४ एमबी एल३ कॅश. दुसऱ्यात ६ कोअर, १२ थ्रेड आणि १६ एमबी एल३ कॅश. दोन्ही 'रायझन ५', दोन्ही १५ वॅटचे, क्रमांकात फक्त एका अंकाचा फरक. हा एक अंक पाठ करून ठेवा.

पायरी ३: वॅट वाचा, आणि मे महिना आठवा

माहितीपत्रकात टीडीपी किंवा 'प्रोसेसर बेस पॉवर' असा आकडा असतो. प्रोसेसर आपल्या मूळ वेगाने सतत काम करत असताना किती उष्णता बाहेर काढावी लागेल, याचा तो अंदाज. एन१०० साठी ६ वॅट, आय५-१२३५यू साठी १५ वॅट. हा विजेच्या बिलाचा आकडा नाही, आणि प्रोसेसर याच्या वर जातच नाही असंही नाही. आय५-१२३५यू च्या पत्रकात खाली 'मॅक्झिमम टर्बो पॉवर' म्हणून ५५ वॅट लिहिलेले आहेत. थोड्या वेळासाठी तो तेवढी वीज ओढू शकतो. मग यंत्र तापलं की परत खाली येतो. किती वेळ वर राहायचं आणि कुठे स्थिरावायचं, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणूनच एकच प्रोसेसर असलेले दोन लॅपटॉप वेगळे चालतात.

आता आपल्याकडचा प्रश्न. प्रोसेसरच्या पत्रकात कमाल तापमान १०० किंवा १०५ अंश असं मोठं दिसतं. आय५-८२५०यू साठी १०० अंश, एन१०० साठी १०५ अंश. ते चिपच्या आतलं तापमान. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत शेवटच्या पानांवर 'ऑपरेटिंग टेम्परेचर' असतं, आणि बहुतेक कंपन्या तिथे ३५ अंशांपर्यंत असं लिहितात. भुसावळ, जळगाव, धुळ्याला एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, कधी ४५ ला टेकतो. पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. म्हणजे वर्षातले दोन महिने आपण यंत्र कंपनीने सांगितलेल्या हवेच्या बाहेर वापरत असतो. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. यंत्र बिघडलेलं नसतं, पण ऑनलाइन परीक्षेच्या मधोमध ते अडखळायला लागतं.

यावरून माझं मत असं झालं आहे: खान्देशात पंखा नसलेला, फार पातळ लॅपटॉप जपून घ्या. आवाज नाही आणि कापसाचं तूस आत ओढलं जात नाही हे त्याचे फायदे खरेच आहेत. जिनिंगजवळच्या गावात हा फायदा छोटा नाही. पण ६ वॅटचा प्रोसेसरसुद्धा बंद डब्यात, ४३ अंशांच्या खोलीत, तासभर व्हिडिओ कॉल केल्यावर मंद होतो. १५ वॅटचा आणि चांगल्या पंख्याचा लॅपटॉप घ्यावा, आणि वर्षातून एकदा उन्हाळ्याआधी पंखा साफ करून घ्यावा, हे मला जास्त पटतं. हवा कुठून आत जाते आणि कुठून बाहेर पडते ते यंत्र उलटं करून बघा. खालून हवा घेणारा लॅपटॉप गादीवर ठेवला तर त्याचा श्वासच बंद होतो.

उन्हाळ्यापुरती एक युक्ती आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघडा आणि 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के करा. बहुतेक यंत्रांवर यामुळे टर्बो, म्हणजे थोड्या वेळापुरता वाढवलेला वेग, बंद राहतो, वेग थोडा कमी पण एकसारखा मिळतो आणि ताप बराच उतरतो. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. तिथे बॅटरीच्या सेटिंगमधला कमी विजेचा पर्याय निवडा.

पायरी ४: कोअर, गिगाहर्ट्झ, कॅश

यावर फार वेळ घालवू नका. गिगाहर्ट्झचा मोठा आकडा हा टर्बोचा असतो आणि तो थोड्या वेळापुरता मिळतो. वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी तुलना करायचे नाहीत. आय५-८२५०यू आणि एन१०० दोन्ही ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, पण पहिल्यात ८ थ्रेड आणि दुसऱ्यात ४. एकावेळी एकच काम असेल तर फारसा फरक कळत नाही. टॅली, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालवले की कळतो. २ कोअर, २ थ्रेडचा एन४०२० मी आता कोणालाही घ्यायला सांगत नाही, अगदी भावात मोठी सूट असली तरी.

पायरी ५: रॅम किती वाढेल, हे प्रोसेसरच ठरवतो

"आत्ता ८ जीबी घ्या, पुढे वाढवू" हे वाक्य दुकानात फार ऐकू येतं. ते खरं आहे का, हे माहितीपत्रक सांगतं.

एन४०२० ला कमाल ८ जीबी रॅम चालते. एन१०० साठी इंटेलने १६ जीबी मर्यादा लिहिली आहे आणि चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारा रस्ता, एकच दिला आहे. आय५-८२५०यू ३२ जीबीपर्यंत घेतो, दोन चॅनेलने. दोन चॅनेल असतील तर ८ जीबीची एक पट्टी लावण्याऐवजी ४-४ च्या दोन लावल्यावर आतलं ग्राफिक्स जास्त मोकळं चालतं.

रायझन ५ ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम घेतो, आणि ती बोर्डावर झाळलेली असते. म्हणजे ८ जीबीचा घेतला तर तो कायम ८ जीबीच राहणार. इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला जाणाऱ्या मुलासाठी हा प्रोसेसर घ्यायचाच असेल तर पहिल्या दिवसापासून १६ जीबीचा घ्या.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडलं की 'फॉर्म फॅक्टर' दिसतो. तिथे 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम झाळलेली आहे. 'एसओडिम' असेल तर पट्टी आहे, बदलता येते. किती खाचा रिकाम्या, हेही तिथेच कळतं.

जाताजाता साठवणही बघा. ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण) लिहिलं असेल तर सोडून द्या. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते. अपडेट आले की अशी यंत्रं गच्च भरतात, आणि ईएमएमसी बदलताही येत नाही. एसएसडीच मागा.

पायरी ६: विंडोज ११ चालेल का

विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. मोजके अपवाद सोडले तर सातवी पिढी यादीत नाही. एएमडी लॅपटॉपसाठी साधारण रायझन ३००० मालिकेपासून पुढे बघा. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात हवी.

जुन्या बाजारात सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर कसंबसं विंडोज ११ चढवून दिलेलं असतं. दिसायला सगळं ठीक असतं, पण मायक्रोसॉफ्टच्या यादीबाहेरच्या यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची खात्री कंपनी देत नाही. बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारची कामं ज्या यंत्रावर होणार, तिथे हा धोका घेऊ नये. लिनक्स मिंट किंवा उबंटू शिकायची तयारी असेल तर जुनी यंत्रं अजून बरीच वर्षं कामाला येतात, आणि प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलाला तर ते उपयोगीच पडेल.

स्नॅपड्रॅगनवाल्या विंडोज लॅपटॉपबद्दल सेवा केंद्र चालवणाऱ्यांना खास सांगतो. त्यांची बॅटरी सुरेख चालते. पण ती एआरएम रचना आहे, आणि इंटेल-एएमडीसाठी लिहिलेले ड्रायव्हर त्यावर चालत नाहीत. बोटाचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, जुना प्रिंटर, या सगळ्यांचा एआरएम ड्रायव्हर उपलब्ध आहे का ते आधी शोधा. नसेल तर केंद्रासाठी ते यंत्र नको.

पायरी ७: व्हिडिओ

वेगळं ग्राफिक कार्ड या गटात लागत नाही. यूट्यूबवरची लेक्चर बघायची असतील तर एवढंच पुरे: आय५-८२५०यू व्हीपी९ प्रकारचा व्हिडिओ थेट हार्डवेअरवर उलगडतो, पण एव्ही१ नाही. एन१०० दोन्ही उलगडतो. हार्डवेअरवर उलगडलेला व्हिडिओ कमी वीज खातो आणि यंत्र थंड ठेवतो.

पायरी ८: दुकानात अर्धा तास चाचणी घ्या

धुळ्यातलं दुकान असो की जळगावचं गोलाणी मार्केट, पैसे देण्याआधी अर्धा तास मागून घ्या. आधी चार्जर काढून बॅटरीवर चालवा, मग चार्जर लावून पुढची चाचणी घ्या.

पेन ड्राइव्हमधलं सीपीयू-झेड उघडा, 'बेंच' मध्ये 'स्ट्रेस सीपीयू' दाबा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघत राहा. सुरुवातीला वेग टर्बोपर्यंत जाईल, मग उतरेल. मूळ वेगाच्या आसपास किंवा वर स्थिरावला तर ठीक. चार्जर लावूनही तो मूळ वेगाच्या खाली घसरत असेल आणि तापमान शंभरीजवळ असेल, तर आतली थर्मल पेस्ट वाळलेली आहे किंवा पंखा तुंबलेला आहे. जुन्या यंत्रात ही दुरुस्ती होते. ती करून मगच द्या असं सांगा. दुकानात एसी असेल तर हाच निकाल घरी आणखी वाईट दिसेल, हे धरून चाला.

पायरी ९: बॅटरीचं गणित

कमी वॅटचा प्रोसेसर म्हणजे जास्त बॅटरी, हे अर्धंच खरं आहे. हलक्या कामात स्क्रीनचा उजेड, वायफाय आणि बाकीचे भाग मिळून प्रोसेसरइतकीच किंवा जास्त वीज खातात. म्हणून हिशेब पूर्ण यंत्राचा करा: बॅटरीचे वॅट-तास भागिले सरासरी खर्च. ४२ वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी ७ वॅट खर्च, म्हणजे ६ तास.

जुन्या यंत्रात बॅटरी झिजलेली असते. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करून बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे मिळतात. ४२,००० मिलिवॅट-तासांच्या जागी २५,००० दिसले, तर त्याच खर्चात साडेतीन तास. भारनियमनाच्या गावात हा फरक थेट अभ्यासावर पडतो, त्यामुळे नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव ठरवा. पुढे वापरताना, लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावून ठेवत असाल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याचा पर्याय चालू करा. पूर्ण भरलेली बॅटरी आणि आपला उन्हाळा यांचं जमत नाही.

पायरी १०: बिल

जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर लॅपटॉपचा सिरीअल क्रमांक, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम आणि एसएसडी किती, हे चारही लिहून घ्या. नुसतं 'लॅपटॉप आय५' असं बिल परत करा. यंत्राच्या खालच्या बाजूचा सिरीअल क्रमांक आणि बिलावरचा एकच आहे ना, हे काउंटरवरच ताडून बघा, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाकून वॉरंटी कधी सुरू झाली तेही बघा. नवीन म्हणून विकलेल्या यंत्राची वॉरंटी आधीच काही महिने चालू झालेली असेल, तर ते शोकेसमध्ये किंवा कोणाच्या तरी हातात वापरलं गेलेलं असू शकतं. त्याची विचारणा पैसे देण्याआधी करा.

चार्जर मूळ आहे का, तेही बघून घ्या. १५ वॅटच्या प्रोसेसरच्या लॅपटॉपसोबत साधारण ४५ किंवा ६५ वॅटचा चार्जर येतो. त्याच्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर लॅपटॉपच्या खाली छापलेल्या आकड्यांशी जुळले पाहिजेत.